चार माग, दोन जावा

४ फेब्रुवारी

धाकटे,

कागद पाहून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी भलतंच ऐकते. मागांच्या खडखडाटात उभा जन्म काढल्यावर कान असेच होतात. ह्यांचा ट्रक दर आठवड्याला तिकडून कापड भरून इकडे येतो. नवऱ्याच्या नोकरीचा तेवढा तरी उपयोग करून घेऊ. उत्तर लिहून ह्यांच्या खिशात घाल, शर्ट धुवायला टाकायच्या आधी मी काढून घेईन.

इथलं म्हणशील तर सगळं छान आहे आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. कापड तपासायची खोली लांबलचक, पांढरी. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत येतं, चूक दिसली की खडूनं खूण करायची, संपलं काम. पाच-सहा बायका आहेत, पण सगळ्या दवाखान्यात बसल्यासारख्या बोलतात. पहिल्या दिवशी मी शेजारणीला सहज विचारलं, पाणी कुठं ठेवलंय. सगळ्यांनी अशा माना वळवल्या की जणू मी तिच्या सात पिढ्या काढल्या. शेडमधलं आपलं साधं बोलणं इथं भांडणात धरतात. मग मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलून पाहिलं, आपण मागांवर बोलतो तसं. तर ती म्हणाली, तुमची दाढ दुखते का हो?

आता मुद्द्याचं. माझे चार माग तुला मिळाले. मी ते आनंदानं दिले असं भाऊजी सगळीकडे सांगत फिरतात म्हणे. त्यांना म्हणावं, मी काहीही दिलेलं नाही. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि सांगितलं, बाई, हा आवाज तुमचं रक्त चढवतोय, शेडमधून बाहेर पडा, नाहीतर एक दिवस मागावरच पडाल. म्हणून मी इथं आहे. पण मुकादमानं मला शब्द दिलाय. माझा आकडा खाली आला आणि ते चार माग कधी रिकामे झाले, तर पहिला हक्क माझा. हे तुला माहीत असलेलं बरं.

तिसरा माग हट्टी आहे. धोटा अडकायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. कंपनीनं दिलेले बोळे कानात कोंबून उभी राहिलीस तर तुला ते कळायचं नाही. मी बोळे कधी घातले नाहीत.

तुझी थोरली जाऊ


१५ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं, त्याला डिझेलचा वास होता. तुमचे माग खुशाल आहेत, काळजी करू नका. तिसरा तुम्ही म्हणता तसाच आहे, पण आता माझ्या हाताला सरावलाय.

मी बोळे काढून टाकले. तुम्ही कधी घातले नाहीत तर मी तरी का घालू? पहिले दोन दिवस घरी आले की चिमी काय बोलते ते कळत नव्हतं, पण होईल सवय.

इथं सगळ्या मला सांभाळून घेतात. तुमची मैत्रीण रेडिओ आता डबा माझ्याबरोबर खाते. ती इतकं बोलते की तिला आवाज लागतच नाही, नुसत्या ओठांवर अख्ख्या शेडच्या बातम्या देते. मला अजून सगळं वाचता येत नाही. ती हसली की मीही हसते. तुमच्या खिडकीखालच्या बाकावर आम्ही बसतो. ती म्हणते, थोरलीपेक्षा तू बरी, तुला निदान पुढं काय झालं ते सांगावं लागतं.

ताई, रागावू नका, पण एक सांगते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ऐकत आले, थोरलीसारखं कर, थोरलीला बघ. मी बॉबिन भरायच्या खोलीत होते आणि दार उघडलं की चार मागांमधून तुम्ही फिरताना दिसायच्या. आपणही तिथं असावं असं मला तेव्हा फार वाटायचं. आता मी तिथं फिरते. दादांना नमस्कार सांगा.

तुमची धाकटी


६ मार्च

धाकटे,

रेडिओ डबा तुझ्याबरोबर खाते हे वाचलं. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. त्या बाईला मी दोन बाळंतपणांत करून घातलंय. माझी जागा अजून गार झाली नव्हती आणि ती उठून दुसरीच्या शेजारी बसली. तिला माझा निरोप दे. नको, काही सांगू नकोस, ती अख्ख्या शेडला सांगेल.

तुला एक गंमत माहीत नसेल. तुझं कापड माझ्याच टेबलावर येतं. तागा उलगडला की काठावर मागाचा नंबर उमटलेला असतो. परवा माझ्या चारही मागांचे तागे आले, तेव्हा मी शेजारणीला म्हटलं, हे मी बघते, हे माझे आहेत. उवा शोधाव्यात तशी एकेक वीत पाहिली. दोन चुका सापडल्या. खुणा मी तीन केल्या. तिसरी जागा वादाची होती, पण मी काही वाद घातला नाही.

नर्सबाई दर सोमवारी माझा रक्तदाब बघते. आकडा उतरायला लागलाय. ती म्हणते, आवाज सुटला की काही जणांना असा फरक पडतो, शिवाय गोळी चालू आहेच. हे म्हणाले, बरं झालं. ह्यांना सगळ्यालाच बरं झालं म्हणायची सवय आहे.

थोरली


२० मार्च

ताई,

तागा परत आला तेव्हा तुमची तिसरी खूण मुकादमानं सगळ्यांसमोर टेबलावर पसरून दाखवली. त्याला भिंग लावूनही तिथं काही सापडलं नाही. शेवटी म्हणाला, थोरल्या बाईंची नजर आहे, असेल काहीतरी. म्हणजे बोलणी मी खाल्ली आणि कौतुक तुमचं झालं. मला वाटलं होतं, तुम्ही दूर गेलात की हे थांबेल.

असो. या महिन्याचं सगळ्यात चांगलं कापड म्हणून शेडच्या दारातल्या पाटीवर माझं नाव लागलं. तुमचं किती दिवस होतं कोण जाणे, खडू पाटीत मुरला होता. पुसून निघेना म्हणून शिपायानं ओल्या फडक्यानं घासलं. मी बघत उभी होते.

तब्येत ठीक आहे. डोक्यात मागच्या बाजूनं ठोके पडल्यासारखं होतं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. घरात कुणी भांडं आपटलं तरी माझा तोल जातो. परवा चिमीच्या पाठीत विनाकारण धपाटा घातला.

धाकटी


१८ मे

धाकटे,

पाटीचं वाचल्यावर तुला पुन्हा अक्षर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ओलं फडकं कशाला लिहिलंस? नुसतं नाव लागलं एवढं कळवून भागलं नसतं? दोन महिने मी मनात तुझ्याशी भांडतेय. ट्रक आला की ह्यांच्या खिशाकडे बघायचंही नाही असा पण केला होता. बघत होते, पण तूही काही पाठवलं नाहीस.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. महिनाभर तुझ्या ताग्यांत चुका वाढल्यात. पहिल्या आठवड्यात मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. खडू संपला तेव्हा मी दुसरा मागून घेतला. शेजारणीला म्हटलं, बघा, पाटीवरच्या बाईचं कापड. पण मग लक्षात आलं की या चुका वेगळ्या आहेत. एक उभा धागा तुटलाय आणि हातभर कापड तसंच पुढं गेलंय. तिथं उभ्या असलेल्या बाईला तो दिसत होता, पण तिचं डोकं जागेवर नव्हतं. कामाची पाळी संपत आल्यावर विणलेल्या भागात हे जास्त आहे. असं कापड मी ओळखते. शेवटच्या वर्षी माझं असंच निघत होतं.

तुझं मार्चचं पत्र पुन्हा काढून वाचलं. चष्म्याचं सोड. ठोके मानेच्या वर पडतात ना? घरी शांत बसलीस तरी कानात माग चालूच असतात का? ह्यांना विचारलं, ती कशी दिसते, तर म्हणाले, बरी आहे. हा माणूस ट्रकचं टायर पंक्चर झालं तरी बरं आहे म्हणेल. तू लिही.

माझा आकडा आता नर्सबाईला आवडेल इतका खाली आलाय.

थोरली


२ जून

ताई,

तुम्हाला हे कळलं तेच मला नको होतं. हो, माग कानात चालूच असतात. पण सगळ्यांचंच असं होतं, रेडिओही म्हणते. मी धडधाकट आहे.

जूनअखेर शेडमधल्या सगळ्यांची तपासणी आहे. आकडा वर निघाला तर माग जातील, तुमचे गेले तसे. मला ते सोडायचे नाहीत. ताई, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बघायला थांबतं. मी परत बॉबिन भरायला गेले तर लोक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतं.

रेडिओनं मला गोदामाचं सांगितलं. तपासणीच्या आधी तुम्ही जुन्या बायका गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये जाऊन बसायच्या म्हणे. तिथं सुईचाही आवाज येत नाही, तासाभरात रक्त निवतं आणि मग डॉक्टरपुढं गेलं की आकडा शहाण्यासारखा येतो. ही वाट तुम्हीच काढली म्हणे. पण गोदामवाला आता कुणाला आत घेत नाही. तो म्हणतो, थोरल्या बाईंनी सांगितलं तर दार उघडीन, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

त्याला दोन ओळी लिहून द्या. एवढंच मागते.

तुमची धाकटी


८ जून

धाकटे,

देणार नाही.

ते गठ्ठे माझ्याच डोक्यातून निघाले हे खरं आहे. पहिल्या वर्षी मी गंमत म्हणून बसले होते, दमले होते आणि तिथं गार होतं. आकडा इतका छान आला की पुढच्या वर्षी सगळ्या माझ्यामागून आल्या. दरवर्षी डॉक्टर म्हणायचा, तुमची शेड म्हणजे नवलच आहे. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. त्या हसण्यापायी मला गोळी सुरू व्हायला कितीतरी वर्षं उशीर झाला. नवा डॉक्टर न सांगता शेडमध्ये आला, मागाशेजारीच माझ्या दंडाला पट्टा बांधला, म्हणून सापडलं. तो आकडा बघून खुर्चीवर तो बसला, मी उभीच होते.

तू गोदामात जाऊ नकोस. पाळी करून मागावरून सरळ डॉक्टरपुढं जाऊन बस आणि जे येईल ते येऊ दे.

हे माझ्या तोंडून कसं वाटेल ते मला कळतं. तरी ऐक.

थोरली


१५ जून

ताई,

ऐकलं. चांगलंच ऐकू आलं.

मी नापास झाले की माग रिकामे. माग रिकामे झाले की पहिला हक्क कुणाचा? तुमच्याच पहिल्या पत्रात लिहिलंय. आणि तुमचा आकडा किती छान खाली आलाय तेही तुम्हीच कळवलंत, मी विचारलं नव्हतं. माझ्या कापडावर खुणा करायला खडू तुमच्या हातात आणि गोदामाचं दारही तुमच्याच शब्दावर. मी कुठं उभं राहायचं ते तरी सांगा.

इतकी वर्षं तुम्ही स्वतः गठ्ठ्यांवर बसून माग राखलेत. माझी वेळ आली तेव्हा तुम्हाला डॉक्टरचं खरं वाटायला लागलं. आमचे हेसुद्धा म्हणाले, वहिनीला तुझं बघवत नाही. मी त्यांना गप्प बसवलं नाही.

यापुढे पत्र पाठवायची तसदी घेऊ नका.

धाकटी


२१ जून

धाकटे,

तसदी घेतेय.

भाऊजी बरोबर बोलले, मला तुझं बघवत नाही. तू शेडमध्ये फिरतेस आणि मी इथं पांढऱ्या खोलीत तोंड शिवून बसते, याचा मला रोज सकाळी राग येतो. तू नापास व्हावीस असं मला वाटलंय. एकदा नाही, दर सोमवारी नर्सबाई पट्टा सोडायची तेव्हा वाटायचं, आता माझं जमलं, आता फक्त तिचं बिघडायचं राहिलंय. आणि मग कापडात दिसलं की तुझं बिघडलंय, आणि तुझं मार्चचं पत्र शोधायला मी अख्खं घर उपसलं. दोन्ही खरं आहे. तू फक्त पहिलं धरून बसलीस, त्यात तुझी चूक नाही.

तेव्हा मी असं केलंय. मुकादमाला लिहून दिलं की त्या चार मागांवरचा माझा हक्क मी सोडला, ते रिकामे झाले तरी मला नकोत, दुसऱ्या कुणालाही द्या. कागद ह्यांनी स्वतः त्याच्या हातात दिलाय. जा आणि विचार त्याला. म्हणजे आता तू पास झालीस काय, नापास झालीस काय, मला त्यातून दिडकीचा फायदा नाही. लिहिताना रडले, तेही कळवते, नाहीतर तुला वाटेल फार मोठ्या मनानं केलं.

सोबत गोदामवाल्याला चिठ्ठी आहे. तो दार उघडेल. आत उजव्या हाताला, जाड कापडाच्या गठ्ठ्यांमागं सगळ्यात शांत आहे. जायचं तर जा.

आणि बोळ्यांचं मी तुला उलटं शिकवलं. मी मोठी कारागीर हे तुला दाखवायचं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. आता कारागीर म्हणून नाही, जाऊ म्हणून सांगते, मागावरून सरळ डॉक्टरकडे जा.

थोरली


३ जुलै

ताई,

मुकादमाला विचारलं. त्यानं कागद दाखवला आणि म्हणाला, तुम्हा दोघींचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी त्याच्यासमोर तुम्हाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

तपासणीच्या दिवशी तुमची चिठ्ठी घेऊन मी गोदामात गेले. खोटं बोलत नाही, गेलेच. तुम्ही सांगितलेल्या जागी बसले. दार बंद झालं आणि सगळं इतकं गप्प झालं की मला वाटलं आता बरं वाटेल. पण माझ्या डोक्यातले माग थांबेनात. बाहेर काहीच नव्हतं आणि आत चारही चालू होते, तिसरा सगळ्यात जोरात. मला भीती वाटली, ताई. अशी भीती मला चिमीच्या वेळीसुद्धा वाटली नव्हती. उठले, शेडमध्ये गेले, पाळी पुरी केली आणि तशीच डॉक्टरपुढं बसले.

आकडा तुमच्याहून वर निघाला. घ्या, इथंही मी पुढंच. डॉक्टरनं तीनदा बघितला. म्हणाला, आणखी उशीर केला असता तर त्याला माझ्याशी बोलायला मिळालं नसतं. गोळ्या सुरू झाल्यात, बोळे घातले तरी शेड बंद. तुमच्या तपासणीच्या खोलीत एक जागा आहे, हवी असेल तर महिनाअखेर मिळेल असं मुकादम म्हणाला. आमचे हे यायला तयार आहेत. वहिनीची माफी मागायची म्हणतात, पण तोंड कसं दाखवू म्हणतात.

माग रेडिओच्या सुनेला मिळाले. रेडिओ आता डबा सुनेबरोबर खाते.

एकच विचारते, खरं सांगा. माझे माग गेले हे वाचलंत तेव्हा तुम्हाला बरं वाटलं का?

धाकटी


९ जुलै

धाकटे,

वाटलं.

एक घोट पाणी गिळायला लागतो तेवढा वेळ वाटलं. मग मी वरच्या ओळीवर गेले, डॉक्टरला बोलायला मिळालं नसतं तिथं, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी त्याच ओळीवर होते. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, ती वाचली. हे पहिल्यांदाच बरं म्हणाले नाहीत, नुसते शेजारी येऊन बसले.

भाऊजींना म्हणावं, तोंड दाखवा, मी काही गिळणार नाही. चिमीसाठी घराजवळ शाळा आहे. गोळ्या ठरल्या वेळी घे, बरं वाटलं म्हणून सोडू नकोस. आणि निघण्याआधी रेडिओच्या सुनेला कोपऱ्यात घे आणि कानात बोळे घालायला लाव. ती म्हणेल, माग गेले म्हणून जळता तुम्ही. हो म्हण, आणि तरी लाव.

इथं तुला पहिले काही दिवस जड जाईल. तू पाणी मागितलंस तरी सगळ्या माना वळवतील. मी ओठांनी बोलेन, तू ओठांनी उत्तर दे. इथल्या बायकांना काय वाटायचं ते वाटू दे.

काल त्या सुनेचा पहिला तागा माझ्या टेबलावर आला, माझ्या, म्हणजे तुझ्या तिसऱ्या मागावरचा. सबंध उलगडून पाहिला. एक चूक नाही गं. कापड असं निघालंय की हात फिरवत राहावा. माझा नुसता जळफळाट झाला आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं. एकटीनं किती जळायचं? लवकर ये.

तुझी थोरली